विद्युतचुंबकीय प्रक्षेपक : खिळा नळीच्या तोंडापर्यंत येऊन परत का गेला?

गोदाकाठ
रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो. यंदा अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी विद्युतचुंबकीय प्रक्षेपक हा विषय प्रकल्पासाठी निवडला. दारू न वापरता, केवळ विद्युतधारेच्या बळावर एखादी वस्तू वेगाने फेकणे हा त्याचा गाभा आहे. सुरुवातीलाच मी एक अट घातली, की व्होल्टेज ५० च्या वर न्यायचे नाही आणि प्रक्षेप्य म्हणून बोथट तोंडाचा मऊ लोखंडाचा तुकडाच वापरायचा. वस्तू किती लांब गेली यापेक्षा ऊर्जा कुठे गेली, हे मुलांनी मोजावे अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी ४० मिलिमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या नळीवर अर्धा मिलिमीटर जाडीच्या इनॅमल तारेचे ३०० वेढे चार थरांत गुंडाळले. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० व्होल्टला भारित केला, म्हणजे त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा साठली. प्रक्षेप्य ६ मिलिमीटर जाडीचे, ४० मिलिमीटर लांबीचे आणि सुमारे ९ ग्रॅम वजनाचे आहे. मुले त्याला खिळाच म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. कळ दाबली की खिळा झटक्याने आत ओढला जातो, दुसऱ्या टोकातून निम्मा बाहेर डोकावतो आणि पुन्हा आत जाऊन मधोमध थरथरत थांबतो. दहापैकी सात वेळा असेच झाले. तीन वेळा तो बाहेर पडला, पण टेबलाच्या काठापर्यंतही पोहोचला नाही.

मुलांचे म्हणणे असे की, वेढे ३०० वरून ६०० केले तर चुंबकीय क्षेत्र वाढेल आणि खिळा सुटेल. मला हे पटत नाही, पण त्यांना पटेल असे उत्तर मला नीट मांडता आलेले नाही. जाणकारांनी आपली मते द्यावीत.

सेलू_वाइंडिंग
रविवार, दुपारी १.४०

सर, मी गेली बावीस वर्षे मोटारी भरतो. शेतीपंपाच्या मोटारी, स्टार्टरची कॉइल, ट्रॅक्टरचे सेल्फ, सगळे माझ्या टेबलावर येते. तुमच्या मुलांनी वेढे वाढवू नयेत, कमी करावेत.

कारण सांगतो. ट्रॅक्टरच्या सेल्फवरचा सोलेनॉइड उघडला, तर आत एकावर एक अशा दोन गुंडाळ्या दिसतात. एक जाड तारेची आणि दुसरी बारीक तारेची. चावी फिरवल्यावर दोन्हींतून धारा जाते आणि प्लंजर जोराने ओढला जातो. प्लंजर एकदा जागेवर बसला की जाड गुंडाळीतली धारा थांबते आणि बारीक गुंडाळी त्याला नुसती धरून ठेवते. ओढायला भरपूर धारा लागते, ती थोड्याच वेळासाठी लागते आणि जाड तारच ती देऊ शकते. धरायला थोडी धारा पुरते, पण ती टिकावी लागते. तुमच्या मुलांनी प्रामाणिकपणे मेहनत केली आहे, पण त्यांनी ओढणारी गुंडाळी न बांधता धरणारी गुंडाळी बांधली आहे. म्हणून ती खिळा धरून ठेवते.

तुमच्या ३०० वेढ्यांना माझ्या अंदाजाने दहा-अकरा मीटर तार लागली असेल. अर्ध्या मिलिमीटरच्या तेवढ्या तारेचा रोध एक ओहमच्या आसपास भरतो. ६०० वेढे केले, तर वरच्या थरांचा घेर मोठा असल्यामुळे रोध दुपटीहून जास्त होईल. एक मिलिमीटरची तार घ्या, तीन थरांत १२० च्या आत-बाहेर वेढे बसवा आणि वार्निश नीट मुरू द्या, कारण झटका बसला की वेढे हलतात आणि इनॅमल घासले जाते.

बालाघाट
रविवार, रात्री ९.०५

मी औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेला अभियंता आहे आणि सध्या अंबाजोगाईला राहतो. सेलूकरांनी जे हाताच्या अनुभवाने सांगितले, तेच आकड्यांत मांडतो.

कपॅसिटर, कॉइलचे स्वप्रवर्तन (धारेतल्या बदलाला तिचा होणारा विरोध) आणि रोध हे तिघे मिळून धारेचा स्पंद, म्हणजे क्षणिक झटका, किती वेळ टिकेल हे ठरवतात. रोध एक ओहम आणि धारित्र (कपॅसिटरची साठवणक्षमता) १०,००० मायक्रोफॅरड असेल, तर त्यांचा गुणाकार १० मिलिसेकंद येतो. म्हणजे धारा वाढते लवकर, पण उतरते सावकाश, आणि २० मिलिसेकंदांनंतरही ती रेंगाळत असते. आता खिळ्याकडे पाहा. सरासरी अडीच मीटर प्रति सेकंद वेगाने २० मिलिमीटर जायला त्याला ८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे खिळा कॉइलच्या मध्याशी पोहोचतो तेव्हा धारा अजून जिवंत असते. कॉइल लोखंडाला नेहमी मध्याकडे ओढते, पुढे ढकलणे तिला माहीत नाही. मध्य ओलांडलेल्या खिळ्यावर म्हणूनच उलटे बल येते. पहिल्या अर्ध्या वाटेत दिलेली ऊर्जा दुसऱ्या अर्ध्या वाटेत परत काढून घेतली जाते.

या यंत्राचा आराखडा वेढ्यांपासून सुरू करू नये, वेळेपासून सुरू करावा. खिळा मध्यापर्यंत किती मिलिसेकंदांत पोहोचेल ते आधी ठरवायचे, त्याआधी संपणारा स्पंद कसा मिळेल ते पाहायचे आणि मग वेढे, तार व कपॅसिटर निवडायचे. मुलांना सर्वात आधी हेच शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

हेच गणित मोठ्या यंत्रांनाही लागू पडते. अमेरिकेच्या नौदलाने १० डिसेंबर २०१० रोजी व्हर्जिनिया राज्यातील डालग्रेन येथे रेलगनची, म्हणजे दोन समांतर पट्ट्यांमधून धारा सोडून वस्तू फेकणाऱ्या तोफेची, चाचणी घेतली, तेव्हा प्रक्षेप्याला ३३ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. आपल्या मीटरच्या हिशेबात ही ऊर्जा सव्वानऊ युनिटही भरत नाही. शेतातला पाच अश्वशक्तीचा पंप अडीच तास चालला तर इतकी वीज सहज खर्च होते. पण तेवढी ऊर्जा समजा १० मिलिसेकंदांत द्यायची असेल, तर त्या क्षणापुरती ३३०० मेगावॉट शक्ती लागते. परळीच्या केंद्रातील २५० मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण भाराने चालले, तरी त्यांची बेरीज ७५० होते. म्हणून ऊर्जा आधी सावकाश साठवायची आणि मग एका झटक्यात सोडायची, हाच या क्षेत्रातला खरा पेच आहे.

एक सूचना कळकळीने करतो. तुमची ५० व्होल्टची अट कोणत्याही आग्रहापोटी मोडू नका. पुरवठा बंद केला तरी कपॅसिटर भारितच राहतो. दोन टोकांत साठलेला भार हळूहळू उतरवणारा ब्लीडर रोधक कायमचा बसवा आणि हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी मीटरने व्होल्टेज पाहा. ४०० व्होल्टच्या भारित कपॅसिटरला हात लागला तर माणूस दगावू शकतो.

औंढा_विद्यार्थी
सोमवार, सायंकाळी ७.२०

नमस्कार सर. मी हिंगोली जिल्ह्यातला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की, कॉइलमध्ये वेळेची इतकी अडचण असेल, तर सरळ रेलगनच का करू नये? त्यात दोन समांतर पट्ट्या आणि मध्ये सरकणारा धातूचा तुकडा एवढेच असते, वेढेही नाहीत आणि मध्यही नाही. दुसरी शंका अशी की, याच पद्धतीने उपग्रह सोडता येतील का?

बालाघाट
सोमवार, रात्री १०.३०

पहिली शंका चांगली आहे. रेलगनमध्ये धारा एका पट्टीतून जाते, सरकत्या तुकड्यातून ओलांडते आणि दुसऱ्या पट्टीतून परत येते. पट्ट्यांमधल्या चुंबकीय क्षेत्रामुळे तुकड्यावर पुढच्या दिशेने बल येते. या बलाचे सूत्र सोपे आहे : पट्ट्यांच्या दर मीटर स्वप्रवर्तनाचा निम्मा भाग गुणिले धारेचा वर्ग. हे स्वप्रवर्तन फार लहान असते, दर मीटरला साधारण अर्धा मायक्रोहेन्री. आता तूच हिशेब कर. १००० अँपिअर सोडलेस तरी बल येते पाव न्यूटन, म्हणजे २५ ग्रॅमच्या वजनाएवढे. तेवढ्या धारेने पट्ट्या आणि तुकडा जागेवरच वेल्ड होतील, पण तुकडा हलायचा नाही. धारा १० लाख अँपिअर केली, तर मात्र बल अडीच लाख न्यूटन होते, म्हणजे भरलेल्या मोठ्या मालट्रकच्या वजनाएवढे. धारेचा वर्ग येत असल्याने रेलगन लहान प्रमाणात जवळजवळ निरुपयोगी असते आणि प्रचंड प्रमाणातच कामाची ठरते. शाळा-महाविद्यालयाने तिच्या वाटेला जाऊ नये.

शिवाय जे बल तुकड्याला पुढे ढकलते, तसेच बल दोन्ही पट्ट्यांना एकमेकींपासून दूर फेकू पाहते, त्यामुळे नळीची बांधणी अतिशय मजबूत लागते. सरकता स्पर्श काही किलोमीटर प्रति सेकंद वेगाने होतो, तेव्हा ॲल्युमिनियम वितळते, ठिणगीचा लोळ उठतो आणि पट्ट्यांवर चरे पडतात. पट्ट्यांचे आयुष्य हा या यंत्राचा जुना आजार आहे. अमेरिकेच्या नौदलाने २०२१ मध्ये आपला कार्यक्रम थांबवला. जपानने २०२३ मध्ये जहाजावरून चाचणी घेतली. आपल्याकडे पुण्याच्या पाषाण भागातील आयुध संशोधन व विकास आस्थापनेनेही रेलगनवर काम केलेले आहे.

वेगाचा एक जुना दाखला मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट यांनी कणत्वरकासाठी (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी) ५०० मेगाज्यूल ऊर्जा साठवणारे एकध्रुवी जनित्र उभारले होते. फिरत्या अवजड चकत्यांमध्ये ऊर्जा साठवायची आणि मग ती धारेच्या रूपाने काढून घ्यायची, अशी त्याची रचना होती. कणत्वरक काही झाला नाही, पण त्याच जनित्रावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड मार्शल आणि जॉन बार्बर यांनी ३ ग्रॅमचा प्लास्टिकचा तुकडा ५.९ किलोमीटर प्रति सेकंद वेगापर्यंत नेला. आपल्या विहिरींवरच्या जुन्या ऑइल इंजिनचे जड चाक आठवा. ते एका ठोक्याची ऊर्जा पुढच्या ठोक्यापर्यंत सांभाळून ठेवत असे. इथेही युक्ती तीच आहे, फक्त चाक अवाढव्य आहे.

प्रयोगशाळा_बीड
मंगळवार, सायंकाळी ६.१०

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या, म्हणजे उपग्रहाच्या शंकेचे उत्तर मी देते.

वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट, म्हणजे मार्गाची लांबी. पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या गुरुत्वातून कायमचे सुटायला लागणारा वेग, ११.२ किलोमीटर प्रति सेकंद आहे. माणसाला सोसेल असे गुरुत्वाच्या तिप्पट त्वरण धरले, तर मार्ग सुमारे २१३० किलोमीटर लांब हवा. आपल्या जालना-छत्रपती संभाजीनगरवरून जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याच्या तिपटीहून थोडा अधिक. त्यातून सुटणारी वस्तू जमिनीलगतच्या दाट हवेत त्या वेगाने शिरेल आणि तापेल, ते वेगळेच. चंद्रावर मात्र हवा नाही आणि मुक्तिवेगही सुमारे २.४ किलोमीटर प्रति सेकंद एवढाच आहे. तिथे निर्जीव माल गुरुत्वाच्या शंभरपट त्वरणाने फेकायचा झाला, तर तीन किलोमीटरपेक्षा कमी लांबीचा मार्ग पुरतो. आर्थर क्लार्क यांनी १९५० मध्येच ही कल्पना मांडली होती आणि १९७० च्या दशकात जेरार्ड ओनील व हेन्री कोल्म यांनी तिचे नमुने प्रत्यक्ष बांधून दाखवले.

कॉइलच्या प्रक्षेपकाचा इतिहासही मुलांना जरूर सांगावा. नॉर्वेचे क्रिस्टियान बिर्कलँड यांनी १९०१ मध्ये विद्युतचुंबकीय तोफेचे पेटंट घेतले. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात मान्यवरांसमोर प्रात्यक्षिक ठेवले, तेव्हा यंत्रात शॉर्ट सर्किट होऊन प्रचंड आवाजासह विजेची ज्योत उठली. तोफेचे स्वप्न तिथेच संपले. पण हवेत पेटलेल्या त्या ज्योतीचा उपयोग पुढे नायट्रोजन स्थिर करण्यासाठी, म्हणजे हवेतल्या नायट्रोजनपासून खताला लागणारी संयुगे बनवण्यासाठी, झाला. सॅम आयडे यांच्यासह त्यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९०५ मध्ये त्यातून नॉर्स्क हायड्रो ही खत बनवणारी कंपनी उभी राहिली. पुढे अमोनिया बनवण्याच्या हाबर-बॉश पद्धतीमुळे ती पद्धत मागे पडली. तरीही, पेरणीच्या दिवसांत खताच्या गोण्यांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना ही गोष्ट जवळची वाटते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

एक तांत्रिक बाब गोदाकाठ सरांसाठी. मऊ लोखंड साधारण २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होते, म्हणजे त्याचे चुंबकत्व कमाल मर्यादेला पोहोचते. त्यापुढे धारा वाढवली तरी ओढ पूर्वीच्या प्रमाणात वाढत नाही, तार मात्र धारेच्या वर्गाने तापते. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची कडी वापरली, तर ही मर्यादा राहत नाही. बदलत्या क्षेत्रामुळे कडीत प्रवर्तित धारा निर्माण होते आणि कॉइल तिला ओढण्याऐवजी दूर ढकलते. एलिहू थॉमसन यांची उडणारी कडी म्हणून हा प्रयोग प्रसिद्ध आहे. अखंड कडी उडते आणि तीच कडी एका जागी कापली की निपचित पडून राहते. मुलांच्या चेहऱ्यावर प्रवर्तन उमटलेले पाहायचे असेल, तर हा प्रयोग जरूर करावा.

सेलू_वाइंडिंग
मंगळवार, रात्री ९.५०

मॅडम, कापलेल्या कडीवरून आठवले. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरमध्ये लोखंडाच्या तोंडावर तांब्याची एक बारीक कडी बसवलेली असते. ती तुटली की कॉन्टॅक्टर घूं-घूं आवाज करू लागतो. शेतकरी म्हणतात कॉइल गेली, पण कॉइल चांगली असते, कडी तडकलेली असते. तिच्यात धारा फिरते म्हणूनच लोखंडाची पकड दर अर्ध्या चक्रात सुटत नाही. ही कडी आणि तुमची उडणारी कडी एकाच कुळातल्या दिसतात.

विमानवाहू जहाजावर विमान फेकणारे यंत्र तीन फेज मोटारीसारखे असते, असे ऐकले होते. ते खरे आहे का?

बालाघाट
बुधवार, सकाळी ८.१५

अगदी खरे आहे, भाऊ. तुम्ही भरता त्या मोटारीचा स्टेटर (न फिरणारा, गुंडाळ्यांचा भाग) एका बाजूने कापून सरळ उलगडला, तर गोल फिरणारे क्षेत्र सरळ रेषेत धावू लागते. त्याला रेषीय प्रवर्तन मोटार म्हणतात. २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेल्या अमेरिकेच्या जेराल्ड फोर्ड या जहाजावर अशीच यंत्रणा आहे. सुमारे ९१ मीटरच्या मार्गात ४५ टनांचे विमान ताशी २४० किलोमीटरपर्यंत नेता येईल, अशी तिची क्षमता ठरवलेली आहे. त्या विमानाची गतिज ऊर्जा २८ युनिट विजेएवढी भरते आणि ती फिरत्या रोटरमध्ये आधीच साठवून ठेवलेली असते. वेग रेलगनच्या मानाने किरकोळ असला, तरी इथे घासणारा स्पर्श नाही, वितळणारी पट्टी नाही आणि धक्का सुरुवातीपासून शेवटपर्यंत नियंत्रित ठेवता येतो. माझ्या मते या विद्येचे सर्वात सुदृढ अपत्य हेच आहे.

गोदाकाठ
पुढचा रविवार, दुपारी १२.३०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभरात काय घडले ते सविस्तर लिहितो.

सेलूकरांच्या सांगण्याप्रमाणे एक मिलिमीटरच्या तारेचे १२० वेढे तीन थरांत आणि वर थोडे, असे गुंडाळले. वार्निश मारून कॉइल दोन दिवस उन्हात वाळवली. कॉइलचा रोध ओहमच्या दहाव्या हिश्शावर आला आणि ऑसिलोस्कोपवर स्पंद सुमारे तीन मिलिसेकंदांत आटोपलेला दिसला. पहिल्याच प्रयत्नात खिळा नळीतून सुटला आणि समोर ठेवलेल्या काळ्या मातीच्या पेटीत रुतला. मुले काही क्षण काहीच बोलली नाहीत, मग चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिले.

पण वेग मोजताना नवीनच अडचण आली. १० सेंटिमीटर अंतरावर दोन प्रकाश-संवेदक बसवले होते. वेग दाखवला ९० मीटर प्रति सेकंद! मुले हरखली. मी त्यांना एवढेच सांगितले, की खिळा न ठेवता कळ दाबा. खिळा नसतानाही वेग ९० च आला. स्पंदाच्या चुंबकीय झटक्यानेच संवेदकांच्या तारांत विद्युतदाब प्रवर्तित होऊन खोटा इशारा मिळत होता. तारा पीळ देऊन जवळजवळ आणल्या, संवेदक नळीच्या तोंडापासून अर्धा हात दूर नेले आणि पुन्हा मोजले, तेव्हा दोन्ही संवेदकांमधला काळ १९ मिलिसेकंदांच्या आसपास आला, म्हणजे वेग ५.३ मीटर प्रति सेकंद. वीस वेळा मोजले आणि फारसा फरक पडला नाही.

खिळ्याची गतिज ऊर्जा ज्यूलच्या आठव्या हिश्शाएवढी आहे. साठवलेल्या साडेबारा ज्यूलपैकी हा जेमतेम एक टक्का झाला. उरलेला ९९ टक्के भाग मुख्यतः तांब्यात आणि कपॅसिटरच्या आत उष्णता होऊन गेला. मुलांना हे फार लागले. एकाने विचारले, "सर, मग हे यंत्र चांगले झाले की वाईट?" मी त्याला अहवालात हेच आकडे जसेच्या तसे लिहायला सांगितले, कारण एकाच टप्प्याच्या साध्या कॉइल-प्रक्षेपकाची कार्यक्षमता बहुधा इतकीच असते आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे मोजली आहे.

शुक्रवारी दुसरी कॉइल आणि दुसरा कपॅसिटर जोडून पाहिला. दुसरा टप्पा ठराविक काळाने सुरू केला, तर खिळ्याचा वेग किंचित कमी-जास्त होताच सगळे बिघडते. म्हणून दुसऱ्या कॉइलच्या तोंडाशी संवेदक बसवून खिळ्यालाच कळ दाबायला लावली. वेग ६.९ पर्यंत गेला. दोन्ही टप्प्यांनी सारखीच ऊर्जा दिली असती, तर ७.५ यायला हवा होता. ही तूट कुठे जाते, याचा शोध चालू आहे. खिळा दुसऱ्या कॉइलमध्ये पहिलीपेक्षा वेगाने शिरतो, त्यामुळे तिथला स्पंद त्याच्यासाठी थोडा लांब पडतो, असा माझा कयास आहे. बालाघाट सरांच्या नियमाने पाहिले, तर दुसरी कॉइल पहिलीची नक्कल असून चालणार नाही, तिचे वेढे आणखी कमी असायला हवेत.

सेलूकर भाऊ, गुरुवारी मुलांना घेऊन आपल्या दुकानी यायचा विचार आहे. ८० वेढ्यांची कॉइल आपल्या यंत्रावर गुंडाळून घ्यावी आणि जमल्यास ट्रॅक्टरचा एखादा निकामी सोलेनॉइड मुलांसमोर उघडून दाखवावा, एवढी विनंती आहे.

सेलू_वाइंडिंग
पुढचा रविवार, दुपारी ३.००

अवश्य या सर. गुरुवारी लोडशेडिंग दुपारी असते, म्हणून सकाळी दहाच्या आत या. दोन सोलेनॉइड बाजूला काढून ठेवले आहेत, एकाची जाड गुंडाळी जळालेली आहे आणि दुसऱ्याची बारीक. कोणता ओढत नाही आणि कोणता धरत नाही, ते मुलांनीच बॅटरी लावून ओळखावे.